पायबघे डॉक्टर

दवाखान्यात बाई आली की डॉक्टर तिच्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघत. ताप असो, खोकला असो, ती बाकावर टेकेपर्यंत यांची नजर तिच्या घोट्यांवरून फिरून आलेली असे. एकाच पायातलं जोडवं रुतलंय का, एक पाय दुसऱ्यापेक्षा जड पडतोय का, हे त्यांना हवं असे. शंका आली की खिशातून शिंप्याची फीत काढून ते दोन्ही पोटऱ्या मोजत. महाडात त्यांचं नाव पडलं पायबघे डॉक्टर. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मामंजींनी त्यांना दवाखान्यासाठी दिल्या होत्या, आणि मी त्या घरात नुकतीच सून म्हणून आले होते.

माणूस वाईट नजरेचा नव्हता. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात त्यांनी काम केलं होतं. तिथे गर्भपिशवीचा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कितीतरी जणींचा एक पाय आधीच सुजलेला असे, शिरेत रक्त गोठलेलं असे. वरिष्ठ म्हणाले, हे जुन्या पुस्तकांतही आहे, यात शोधायचं काय? यांनी वाद घातला आणि नोकरी सोडून इकडे आले. एकदा चहाचा कप परत देताना मला म्हणाले, "गाठीमुळे रक्त गोठतं, की गोठणाऱ्या रक्तामुळे गाठ फोफावते, मला ठाऊक नाही, वहिनी. पण पाय आधी बोलतो. तेव्हाच ऐकलं तर बाई वाचेल का, एवढं बघायचंय."

बघू देणार कोण? बिरवाडीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता. फीत बाहेर निघताच तो म्हणाला, "औषध द्यायचं तर द्या. पाय कशाला मोजता? ती काय चप्पल घ्यायला आली हाय?" बाकावरची माणसं हसली. हिचं पोट तपासायला हवं, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. तो तिला उठवून घेऊन गेला. पुढे ती गेल्याचं कळलं तेव्हा डॉक्टर तिच्या गावी जाऊन आले. कशी गेली, एवढंच विचारायला. घरच्यांनी त्यांना अंगणात पाऊल ठेवू दिलं नाही. त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या बायका कमी कमी होत गेल्या.

सासूबाई परसात आमसुलं वाळत घालत असताना त्यांचा सुजलेला डावा पाय डॉक्टरांना दिसला. त्यांनी मामंजींना गाठलं. मामंजी कोर्टातले नावाजलेले वकील, स्त्रीशिक्षणावर भाषणं करणारे. मी दाराआड उभी होते.

"वकीलसाहेब, पायाचं राहू द्या. त्यांना अंगावरून जातंय का, एवढं विचारा. मी हात लावत नाही. मुंबईला माझ्या ओळखीच्या बाई डॉक्टर आहेत, त्या तपासतील."

मामंजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा."

मी सासूबाईंना विचारलं. पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती आणि होळीपासून पुन्हा रक्त जात होतं. "ह्यांना सांगितलंय मी," आमसुलं उलटत त्या म्हणाल्या. "कुसुमचं लग्न होऊ दे, म्हणाले. आईला असला आजार आहे म्हटल्यावर मुलगी कोण करील?"

नणंदेचं लग्न झालं. सुजल्या पायानं सासूबाई शेवटच्या पंगतीपर्यंत उभ्या होत्या, आणि सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. पाहुणे पांगल्यावर एका दुपारी पाटावरून उठता उठता त्यांनी छातीला हात लावला. श्वास पुरेना. मामंजी कोर्टातून येईपर्यंत संपलं होतं. हृदयविकार, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मुलीचं लग्न बघून अहेवपणी गेली, भाग्याची, असं लोक म्हणत राहिले आणि ते मान हलवत राहिले.

डॉक्टर तोवर पोलादपूरला गेले होते. बातमी कळताच एसटीने आले. घरात न येता रस्त्यावरच उभे राहिले, म्हणून मी बाहेर गेले. सांत्वनाचं ते काही बोलले नाहीत. श्वास कसा लागला, छातीत दुखलं का, खोकल्यातून रक्त आलं का, पाय शेवटी केवढा झाला होता, हेच विचारत राहिले. शेजारणींनी तोंडं फिरवली. मी एकेक सांगत गेले. सासूबाईंना काय झालं होतं, हे जाणून घ्यायचं होतं ते त्या एकट्या माणसाला.

मग मी विचारलं, वेळेवर नेलं असतं तर वाचल्या असत्या का? मला त्यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं. ते हो घेऊन मला मामंजींसमोर उभं राहायचं होतं.

"मला ठाऊक नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "पायातलं गोठलेलं रक्त छातीत चढलं असावं. पण पोटात गाठ असेल, नसेलही. कुणी कळूच दिलं नाही."

त्या पावसाळ्यानंतर ते पोलादपूरही सोडून गेले. कुठे, ते कळलं नाही. मामंजी पुढे पुष्कळ वर्षं जगले. सासूबाई कशानं गेल्या, असं पंक्तीला कुणी विचारलं, तर त्यांच्या देखत मी एकच उत्तर देत असे: "माहीत नाही. आम्ही कळू दिलं नाही." मामंजी मान खाली घालून जेवत राहत.