तिसऱ्या फेरीनंतरचा संबळ

एका माणसाचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. त्याबद्दल गावाने दुसऱ्याच माणसाला रक्त येईपर्यंत मारलं, आणि मी दहा पावलांवर हातात पुस्तक धरून उभा होतो. मी कुणावर हात उचलला नाही. मी फक्त तासाभरापूर्वी एक वाक्य बोललो होतो. मारहाण चालू असताना तेच वाक्य मोठ्याने पुन्हा बोलायचं होतं, तेवढं माझ्याने झालं नाही.

मी जव्हारच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. घर जामसरकडचं, भाताची शेती. कॉलेजात असताना एक जुनी कादंबरी हाती लागली. मराठीत नव्या तऱ्हेने लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतली, तेव्हाही फारशी कुणी न वाचलेली. कचेरीतल्या एका कारकुनाचा एक दिवस, सकाळपासून दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत. तो चालतो आणि मनातल्या मनात बोलतो, पानंच्या पानं पूर्णविराम नाही. गावाचं नाव कुठेच नाही. पण तो चढ, ते तळं, राजवाड्याची ती भिंत, बाजारातला तो बोळ, हे सगळं जव्हार आहे हे मला तिसऱ्या पानावर कळलं. माझं गाव पुस्तकात होतं. त्या वयात मला वाटलं, म्हणजे मीही आहे.

त्या दिवसभरात कारकुनाला मार बसतो. बाजारात एक व्यापारी त्याच्या कानफटात मारतो. तळ्याच्या पायऱ्यांवर दोन माणसं एका कुत्र्याला पाण्यात दाबून मारतात आणि तो बघत उभा राहतो. राजवाड्याच्या भिंतीपाशी एक दारुडा त्याचं डोकं दगडावर आपटतो. आणि तो कुणालाच काही म्हणत नाही. शेवटी एका ट्रकमधून मोखाड्याच्या रस्त्याने तो एका गावच्या बोहाड्याला पोचतो आणि सकाळी तिथे शेवटचं प्रकरण घडतं.

चाळिशी ओलांडल्यावर मी लोकांना या जागा दाखवायला लागलो. पुण्या-नाशिकचे वाचक, प्राध्यापक, एखादं नवरा-बायकोचं जोडपं. बोळात उभा राहून मी थपडेचा परिच्छेद वाचायचो. समोरचा रसवाला हसून म्हणायचा, "सर, आज कोणाला मार खायाला आणलं?" पाहुण्यांना ते फार आवडायचं. मलाही. तळ्याच्या पायऱ्यांवर कुत्र्याचं पान वाचताना माझा आवाज असा लागायचा की बायका तोंडावर हात धरायच्या. हिंसा मला पाठ होती.

शेवटचं प्रकरण मात्र दाखवता येत नसे. त्यासाठी बोहाडा हवा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडच्या गावांत देवादिकांची, राक्षसांची सोंगं नाचतात, त्याला बोहाडा म्हणतात. मोठे मुखवटे, आणि सोबत संबळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायची जोड-नगारी. कोणतं सोंग कुणाच्या घराचं, संबळ कुणाच्या घराचा, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. शेवटच्या सकाळी ऊन आल्यावर जगदंबा आणि म्हैसासुर यांची लढाई होते. जगदंबेच्या हातात खरी तलवार असते, बोथट असली तरी लोखंडाची. तीन फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीला तलवार म्हैसासुराच्या शिंगाला लागली की संबळ थांबतो. संबळ थांबला की म्हैसासुर खाली बसतो, जगदंबा हात वर करते आणि दोन्ही बाजूंची माणसं दोघांना धरतात. मुखवट्याच्या रंगवलेल्या डोळ्यांखाली बोटाएवढी भोकं असतात. त्यातून आपल्या पायाखालचं दिसलं तरी पुष्कळ. आतला माणूस ऐकून नाचतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत नव्हतं म्हणून सुटायची मला सोय नाही.

कादंबरीत तिसऱ्या फेरीला संबळ थांबत नाही. तो वाजतच राहतो आणि लढाई वाढत जाते, पानामागून पान, आणि कारकून पहिल्यांदा ओरडायला तोंड उघडतो. तिथे पुस्तक संपतं. इतकं जबरदस्त पान मराठीत दुसरं नाही, असं मी वर्गात सांगायचो.

त्या वर्षी पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर बोहाडा होता आणि तिथला संबळवाला माझा जुना विद्यार्थी होता. आठवीत असताना तो तासाला बाकावर बोटांनी ताल धरायचा. एकदा मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. त्याच्या नाकातून रक्त आलं. पुढे दहावीनंतर त्याने वडिलांचा संबळ गळ्यात घेतला. भेटला की वाकून पायाला हात लावायचा.

मी सात पाहुण्यांना घेऊन गेलो. सकाळी पाड्याबाहेरच्या टपरीवर चहा पिताना त्याला बाजूला घेतलं.

"आज शेवटच्या लढाईला दोन फेऱ्या जास्त वाजव," मी म्हणालो. "तिसरीला थांबवू नकोस."

तो हसला. "नाय सर. तिसरीला थांबवाया लागतं. आत दिसत नाय त्याला काय."

"मला काय नवीन सांगतोस? दोन फेऱ्यांनी काय होतंय? एवढ्या लांबून लोक आलेत."

"पंच ओरडतील."

"पंचांना मी बघतो."

तो हातातल्या काठ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाजवला म्हणून तुम्ही मला मारलंत. आता म्हणता, थांबू नको. तुमचंबी भारी हाये, सर."

आम्ही दोघेही हसलो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. नाही कसं म्हणायचं हे आठवीतच मी त्याच्यातून काढून टाकलं होतं.

ऊन डोंगरावरून खाली आलं तेव्हा लढाई सुरू झाली. म्हैसासुराचं सोंग नाचवणारा पन्नाशीचा शेतकरी होता, नाचणी आणि थोडा भात पिकवणारा. आम्ही सगळे त्याला बाबा म्हणायचो. पहिली फेरी, दुसरी. धूळ कमरेपर्यंत उडत होती. मी पुस्तक उघडून पाहुण्यांना पान दाखवलं आणि म्हणालो, "आता ऐका." तिसऱ्या फेरीला तलवार शिंगावर खण्णकन वाजली.

संबळ थांबला नाही.

म्हैसासुर बसायला गुडघ्यात वाकला होता. ताल चालू आहे म्हणून तो अर्ध्यातून पुन्हा उठला. जगदंबेने हात वर नेला होता. ताल चालू आहे म्हणून तिने तो पुन्हा खाली आणला. धरायला धावलेली माणसं दोघांच्या मध्येच थबकली. दोन मुखवटे एकमेकांवर आंधळे गेले. चौथी फेरी पुरी झालीच नाही. तलवारीचं टोक मुखवट्याच्या डाव्या भोकात शिरलं. मुखवटा गालावर तडकला. आतून जो आवाज आला तो देवाचाही नव्हता आणि राक्षसाचाही नव्हता. बाबा दोन्ही हात मुखवट्यावर दाबून गोल फिरला आणि आडवा झाला. रंगवलेल्या दाढेवरून रक्त खाली आलं, आधी धार, मग भसकन.

तेव्हा कुठे संबळ थांबला.

जगदंबेचं सोंग घेणाऱ्याला कुणी हात लावला नाही. सोंगात असताना तो माणूस नसतो. लोक वळले ते संबळवाल्याकडे. "का नाय थांबला रं? का नाय थांबला?" पहिली लाथ पोटात बसली. त्याच्याच काठ्या हिसकावून त्याच्या डोक्यात, पाठीवर, बोटांवर मारल्या. बोटांवर फार मारलं. एकाने कोयत्याने संबळाचं कातडं उभं फाडलं. बाबाचा थोरला मुलगा त्याच्या छातीवर बसून तोंडावर ठोसे मारत होता आणि रडत होता. खालून संबळवाल्याने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड रक्ताने भरलं होतं, तरी ते त्याने उघडलं नाही. "सरांनी सांगितलं", हे दोन शब्द पुरले असते.

माझ्या शेजारचे एक प्राध्यापक मोबाइल समोर धरून पुटपुटले, "अगदी पुस्तकासारखं."

माझ्या हातून पुस्तक खाली पडलं होतं. मी ते उचललं आणि रुमालाने त्यावरची धूळ पुसली. त्या वेळी मी केलं ते एवढंच.

बाबाला माझ्याच गाडीतून जव्हारला आणि तिथून नाशिकला नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाहुण्यांपैकी एकजण गाडी चालवत होता. घाटात बाबाने विचारलं, "सर, संबळ का नाय थांबला?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हणालो.

नाशिकला डोळा काढावा लागला. गावात माझं नाव झालं. सर होते म्हणून बाबा जगला, असं लोक म्हणायचे. पंचांनी ठरवलं की त्या घराचा संबळ पुन्हा बोहाड्यात वाजणार नाही. दुसऱ्या गावातून वाजवणारे आणू, पण ते घर नको. संबळवाला बायकोला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. त्याची दोन बोटं वाकडी राहिली होती.

मी काय केलं? जागा दाखवत राहिलो. फक्त शेवटचं प्रकरण वगळलं. रसवाला विचारायचा, "सर, आज कोणाला मार?" मी हसायचो. तळ्याच्या पायऱ्यांवर ते कुत्र्याचं पान वाचताना आता माझी जीभ अडखळायची. दोन माणसं कुत्र्याला दाबतात ते नव्हे. कारकून बघत उभा राहतो ते वाक्य. इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल म्हणायचो, की हा आधुनिक माणसाचा एकटेपणा आहे. तो भित्रेपणा होता. एवढाच.

दोन वर्षांनी बाबा शाळेत आला. एका डोळ्यावर पांढरा कपडा, हातात काठी. अपंगाच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून हवा होता. मी कागद घेतला.

"डोळा कसा गेला, ते लिहा," बाबा म्हणाला. "लिहा, संबळवाल्याच्या चुकीनं गेला."

पेन कागदावर टेकलं होतं. मी लिहिलं. 'संबळ वाजवणाऱ्याच्या चुकीमुळे.' मुलांच्या वह्यांवर शेरे लिहितो त्याच अक्षरात. बाबाने खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. जाताना म्हणाला, "तुमचे लई उपकार, सर."

त्या रात्री जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीही मी खरं सांगायला पाड्यावर गेलो नाही, त्यानंतरच्या महिन्यातही नाही. गेलो तो शिमग्याला. शिमग्याला भट्ट्यांवरची माणसं घरी येतात आणि त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत त्या वर्षीच्या बोहाड्याची बैठक बसते. कुठलं सोंग कुणाकडे, ते तिथे ठरतं.

देवळापुढच्या मांडवात पन्नासेक माणसं बसली होती. मला बघून एक पंच म्हणाला, "या सर, या. पाहुणे किती आणताय औंदा?" बाबा पुढेच बसला होता. संबळवाला पार मागे, खांबाला टेकून उकिडवा. त्याला बोलावलं नव्हतं. पण हाकललंही नव्हतं.

मी उभा राहिलो आणि मागे खांबाकडे हात करून म्हणालो, "संबळ मी थांबू दिला नाही. याने नको म्हटलं होतं. मी सांगितलं, वाजव."

 मग एक म्हातारा म्हणाला, "सर, पोराला वाचवाया खोटं नका बोलू. तुमचा विद्यार्थी हाये, समजतं आमाला."

"खोटं नाही, काका."

"कशाला सांगाल तुम्ही असं? वेडे हायात का तुम्ही?"

"पुस्तकात होतं म्हणून," मी म्हणालो. ते वाक्य त्या मांडवात फार लहान वाटलं.

सगळ्यांनी मागे बघितलं. संबळवाला उठला नाही. खाली बघत म्हणाला, "सर सांगतात तसंच झालंय."

"मग दोन वरीस गप का ऱ्हायला रं?"

"सर बोलतील म्हणलं."

बाबा उठला. काठी टेकत माझ्यापर्यंत आला, चांगल्या डोळ्याने माझा चेहरा नीट बघितला आणि काठी फिरवली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर. मी खाली पडलो. कानात घूं आवाज येत राहिला. कुणी मध्ये पडलं नाही, आणि ते बरोबर होतं. तिसऱ्या वेळी त्याने काठी उचलली, पण हात तिथेच राहिला. तो धापा टाकत होता. "गाडीत इचारलं होतं मी तुला," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मला अरेतुरे केलं.

त्या दिवशी पंचांनी संबळ त्या घराला परत दिला. कातडं नवीन घालायचं, ते गावाने घालायचं, असंही ठरलं. वाकड्या बोटांनी कसं वाजेल, हे कुणी विचारलं नाही; त्याने स्वतःच सांगितलं, वाजेल. बाबाने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी मी जमिनीवरून उठून गुडघ्यांवर बसलो होतो, कानातून ओघळ मानेवर येत होता, आणि घाटात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "संबळ थांबला नाही, कारण मी त्याला थांबू नको म्हणालो होतो. मला तेव्हाच माहीत होतं. गाडीतही माहीत होतं. अर्ज लिहिताना माहीत होतं. तुमचा डोळा माझ्यामुळे गेला. मला माफ करा."

मग मी मागे खांबाकडे वळलो. तो अजून उकिडवाच होता, वाकडी बोटं दुसऱ्या हातात धरून.

"तुला मारत होते तेव्हा मी बोललो नाही. आणि आठवीत तू बाकावर वाजवत होतास, तेव्हा तुझं काहीच चुकलं नव्हतं. दोन्ही वेळा माझंच चुकलं. मला माफ कर."