अभिमनच्या नावापुढचा डी

पुष्पाबाईनं उभ्या आयुष्यात कुणाचं मुकाट ऐकून घेतलं असेल तर शपथ! पारोळ्याजवळच्या खेड्यात इंदरचंद शेठच्या खळ्यावर ती शेंगा निवडायची, आणि शेठ एक बोलले तर दोन ऐकवायची. पण अडुसष्ट सालच्या त्या दोन दिवसांत हीच बाई पार गोंधळून गेली.

तिचा नवरा अभिमन पोटदुखीनं जळगावच्या एका दवाखान्यात होता. धाकटा दीर झिपरू डबा घेऊन गेला, तर खाट रिकामी! कारकून जेवायला गेलेला, रजिस्टर टेबलावर उघडं. अभिमनच्या नावापुढं लाल शाईत इंग्रजी डी. झिपरूला इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखता यायची. विचारावं तर नको तेच कानावर पडेल, म्हणून हा शहाणा डबा तिथंच टाकून मिळेल त्या एस.टी.नं घरी पळाला.

"डी म्हणजे डेथ," गावातल्या मास्तरांनी मान खाली घातली.

"छे हो, डिस्चार्ज! सुटी दिली असेल," शेठ म्हणाले. मग माणूस घरी का नाही आला? ग्रामसेवकानं तेवढ्यात डायबिटीस काढला. घ्या! एका अक्षरात नवरा मेलाही, बराही झाला आणि त्याला साखरेचा रोगही लागला. रडावं की चूल पेटवावी, पुष्पाबाईला कळेना. जळो मेलं ते इंग्रजी!

संध्याकाळी भाऊबंद ओट्यावर जमले. थोरली नणंद तानुबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढं झाली. रीत ती रीत, उशीर केला तर लोक नावं ठेवतात. पुष्पाबाईनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबले.

"अक्का, आधी मी मन्हा डोयाघाई देखसू, मंग काय करनं ते करा!"

"लोके काय म्हनतीन?"

"तो लोकेस्ना नवरा नई, मन्हा शे!"

स्वतःच्या डोळ्यांनी बघेन म्हणून तोंडानं भांडत होती खरी. अक्काचंच खरं निघालं तर?

सकाळी झिपरूला पुढं घालून तिनं जळगाव गाठलं. कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "डी म्हणजे धुळे. ऑपरेशनसाठी तिकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलंय."

"मग नीट लिहायला काय हात मोडले होते?" त्यालाही झाडून ती धुळ्याच्या गाडीत बसली. तरी जीव थाऱ्यावर येईना. तीन शहाण्यांनी तीन अर्थ सांगितले, हा चौथा. कुणाचं खरं धरायचं?

धुळ्याच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर अभिमन होता. पोटाला पट्टी, डोळे सताड उघडे, आणि तिला बघताच जो भडकला!

"दोन दिन व्हयनात, एक बी माणूस उना नई! बठ्ठा मरी ग्यात का?" त्यानं सगळ्या घरादारालाच मारून टाकलं.

दोन दिवस पुष्पाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र तिनं खाटेचा दांडा धरून असा गळा काढला की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं डोक्यावर पदर घेतला आणि हळूच विचारलं, "कोन गया व माय?"