काशीनाथचा अर्धा राह्यलेला डाव

मंडळी, मी सांगून राह्यलो अन् नात टाइप करून राह्यली.

आज पिंपळगाव रेणुकाईला गेल्तो. देवळाच्या पायरीवर कोरलेला वाघ-बकरीचा पट अजून हाये. निजामाच्या काळात मी अन् काशीनाथ रोज तिथं खेळायचो. वाघ माझा, बकऱ्या त्याच्या; वाघ कोंडला की बकऱ्या जिंकल्या.

रझाकारांची धामधूम सुरू झाली अन् एक दिवस डाव चालू असतानाच त्याच्या घरच्यांनी निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात जायला गाडी जुंपली. "खडे हलवू नको, आलोच," म्हणला. परत आलाच न्हाई. हरत होता म्हणून पळाला, असं मी जल्मभर लोकांना हसून सांगितलं.

आज एकट्यानंच खडे त्या दिवशी होते तसेच मांडले. त्याच्या पुढच्याच चालीला माझा वाघ बराबर कोंडला जात होता.

वऱ्हाडात कुणाला त्याच्या घरचे भेटले तर सांगा, काशीनाथ जिंकल्ता.