न हलणारा बेंच

शाळेत वर्षानुवर्षं भूमिती शिकवून निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता मी एखाद्या महिला मंडळात जाईन. मी करवत आणली.

लाकडाच्या छोट्या पेट्या करायच्या, एवढंच मनात होतं. पण मी जे जे व्हिडिओ बघत होते, त्यातल्या प्रत्येकाकडं वर्कबेंच होता. लाकूड घट्ट धरून ठेवणारा, रंधा मारताना तसूभरही न हलणारा जाडजूड टेबल. तसा तयार बेंच मोबाइलवर शोधून यांना दाखवला. यांनी किंमत वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"एवढ्यात तर पेट्यांचं दुकान येईल," हे म्हणाले.

"मग बेंच मीच करते."

"कशावर?"

प्रश्न रास्त होता. बेंच नसताना बेंच कशावर करायचा, हे एकाही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं.

छावणीच्या बाजूला एक भंगारवाले चाचा बसतात. कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या त्यांच्याकडं मिळतात. मी जाड जाड बघून वेगळ्या काढू लागले.

"जलाने को होना क्या, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"नाही, टेबल करायचाय."

"तो सुतार को भेजो ना. कायको धूप में आते?"

"सुतार मीच आहे."

त्यांनी माझ्या साडीकडं पाहिलं, पर्सकडं पाहिलं, आणि फळ्यांतले खिळे काढायला जुनी पकड आणि हातोडा पुढं केला. रिक्षावाल्यानं मात्र लाकडं आत घेताना विचारलंच, "मावशी, कुणाचं काय झालं का?"

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर फळी टाकून मी कापायला लागले. करवत पुढं गेली की खुर्च्याही पुढं जायच्या. शेवटी हे एका खुर्चीवर पेपर घेऊन बसले. पेपर वाचता वाचता सूचनाही द्यायचे. यांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही, त्यामुळं यांच्या सूचनांत कुठंही शंका नसायची.

यथावकाश चार पायांचा बेंच उभा राहिला आणि डुगडुगला. एक पाय किंचित कापला, तर दुसरीकडून डुगडुगला. तिकडचा कापला, तर पुन्हा पहिल्या बाजूनं. तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच प्रतल जातं, चौथा बिंदू त्यात असेलच असं नाही, हे मी किती वर्गांना शिकवलं! "बाई, याचा उपयोग काय?" असं मुलं विचारायची, आणि "पुढं कळेल" असं मी म्हणायचे. मला माझ्या साठीत कळलं. तोवर बेंच चांगला वीतभर बुटका झाला होता.

मग सगळं सोडवलं. फळ्या जोडीजोडीनं चिकटवून नवे जाड पाय केले, खाली आडव्या पट्ट्या टाकल्या, बोल्ट आवळले. या वेळी मी ढकललं, यांनी ढकललं, दोघांनी मिळून ढकललं. बेंच हलेना. आम्ही दोघं त्यावर पाय लोंबकळत सोडून बसलो आणि चहा प्यायलो. त्या दिवशी मला स्वतःविषयी जे वाटलं, ते आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार घेतानाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेंचला लावायचा, लाकूड आवळून धरणारा शिकंजा आणायला मी बाजारात गेले. आमच्याकडं नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तेव्हा सण असतो. नेमका त्याच दिवशी तो सण आला. परत येऊन बघते, तर बाल्कनीतल्या नळाखाली माझ्या बेंचवर निळा ड्रम, काठोकाठ भरलेला.

"ड्रमचा जुना लोखंडी स्टँड वाकला," हे म्हणाले. "घरात दुसरं काहीच एवढं भक्कम नव्हतं. तात्पुरतं आहे. ड्रम रिकामा झाला की उतरवू."

पण ड्रम रिकामा होतो तो पाणी यायच्या दिवशी, आणि त्या दिवशी तो पुन्हा भरावा लागतो. भरलेला ड्रम कुणाच्या बापाच्यानं उतरत नाही.

आठवड्याभरात वरच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या. मूळच्या सिल्लोडकडच्या. त्यांनी बेंचवर थाप मारली, ड्रमला धक्का दिला.

"लई मजबूत केलंय बगा तुमी. आमालाबी एक करून द्या की."

"काकू, हा स्टँड नाही. सुतारकामाचा बेंच आहे."

"व्हय व्हय, तसलाच द्या."

मी चिडले, दोन दिवस करवतीला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी चाचांकडं जाऊन फळ्या आणल्या. काकूंचा झाला. मग तळमजल्यावरच्या वकिलांचा झाला. मी स्वतःसाठी म्हणून दुसरा बेंच केला. तो रंग वाळायच्या आत शेजारच्यांच्या सुनेनं नेला. तिच्या घरात लहान बाळ आणि वाकलेला स्टँड, मी काय नाही म्हणणार? आता आमच्या जिन्यात मला कुणी भूमितीच्या बाई म्हणत नाही. "ड्रमवाल्या मॅडम कुठं राहतात?" असं विचारत लोक येतात. पेटी अजून एकही झालेली नाही.

परवा पुन्हा फळ्या मांडल्या, तेव्हा हे म्हणाले, "आता कुणाचा?"

"माझा."

"ठेवणार कुठं?"

"आपल्या झोपायच्या खोलीत. तिथं नळ नाही."

यांनी पेपरची घडी घातली. मग टेप घेऊन उठले आणि पलंग किती सरकवता येईल ते मोजायला लागले.