मुक्काम जर्मनी, पोस्ट बेसा

आम्ही जर्मनीला दोनदा गेलो. पहिल्यांदा बेसापर्यंतच पोहोचलो.

मला तिकडे नोकरी लागली, तेव्हा सगळे कागद मीच सांभाळले. बायको माधुरी म्हणाली, ‘‘एकदा मले पाहू द्या.’’ मी म्हणालो, ‘‘तुला त्यातलं कळणार नाही.’’ (हे वाक्य ती आजही माझ्या आवाजात म्हणून दाखवते.) निरोपाला मौद्याहून सासुरवाडीची मंडळी आणि आमची बेसातली आख्खी गल्ली विमानतळावर आली. हार झाले, पेढे झाले, सासूबाई रडल्या. मीही मातृभूमीवर चार वाक्यं बोललो आणि स्वतःच गहिवरलो.

आत काउंटरवरच्या मुलीनं आमचे पासपोर्ट उलटसुलट पाहिले. ‘‘सर, तुमचे व्हिसा पुढच्या सोमवारपासून सुरू होतात. आज जाता येणार नाही.’’

माधुरीनं काउंटरवरचे पासपोर्ट उचलले आणि व्हिसावरची तारीख स्वतः वाचली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिकिटं पुढच्या सोमवारवर ढकलली. पण बाहेर जाऊन सांगायचं काय? गळ्यातले हार अजून ताजे होते. मंडळी पांगेपर्यंत आम्ही आतच बसलो, मग टॅक्सीनं बेसाला आलो आणि मागच्या दारानं आपल्याच घरात शिरलो. आठवडा गुपचूप काढायचा, असं मी ठरवलं. सात वर्षांच्या सईला बजावलं, ‘‘कोणी विचारलं तर आपण जर्मनीत आहोत.’’

मे महिना. कूलर भाच्याला देऊन टाकलेला, सिलिंडर परत केलेला, खिडक्या बंद. जर्मनीसाठी बांधलेला चिवडा आम्ही बेसातच संपवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. ‘‘पोहोचले का जवाईबापू? थंडी असंन तिकडे?’’

बनियननं घाम पुसत मी म्हणालो, ‘‘फार. स्वेटर काढवत नाही.’’

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, ‘‘सांभाऽऽर, पालक, वांगेऽऽ.’’

‘‘हे कोन ओरडून राहिलं?’’

‘‘भाजीवाला. इकडे आपले लोक बरेच आहेत, कोथिंबीरही मिळते.’’

‘‘बरं झालं बाप्पा. सांभार भेटते म्हणजे चिंता नाही.’’

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या हातून पातेलं पडलं. शेजारच्या वैद्यकाकांना घरावर लक्ष ठेवायला मीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. फटीतून पाहतो तर गल्लीतली सात-आठ माणसं अंगणात. हातात काठ्या, एकाकडे बॅट. काकांनी खिशातून मोबाइल काढला, आणि माझा वाजला.

मी तो उचलत न्हाणीघरात पळालो. (त्याची खिडकी नेमकी अंगणाकडे.)

‘‘सुधीर, तुझ्या घरात चोर घुसले गा. पोलिसांले बोलावतो.’’

‘‘नका बोलावू, काका,’’ मी कुजबुजलो.

‘‘काहून?’’

‘‘ओळखीचे आहेत.’’

काकांनी न्हाणीघराच्या खिडकीकडे पाहिलं. ‘‘तुझा आवाज दोन्हीकडून काहून येऊन राहिला?’’

उत्तर सईकडे होतं. तिनं दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, ‘‘आजोबा, आम्ही इथं नाही आहोत. आम्ही जर्मनीत आहोत.’’

काकांनी काठी भिंतीला टेकवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. माधुरीला विचारलं, ‘‘जेवली का वं पोरी?’’ त्यासरशी चार दिवस गप्प असलेली माधुरी आधी रडली आणि मग इतकी हसली, की बॅटवालाही हसायला लागला. पुढचे दिवस आम्ही काकूंच्या हातची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. बातमी त्याच संध्याकाळी मौद्याला पोहोचली, व्हिसाशिवाय.

सोमवारी विमानतळावर एकटे वैद्यकाका आले. चष्मा लावून त्यांनी तिघांचेही व्हिसा वाचले, मग आम्हाला आत सोडलं.

जर्मनीतल्या ऑफिसात पहिल्याच दिवशी साहेबांनी आपुलकीनं विचारलं, ‘‘देश सोडताना फार जड गेलं असेल, नाही?’’

मी म्हणालो, ‘‘पहिल्या वेळी गेलं.’’