आत्याचा नाताळ

टीव्हीवर जाहिराती लागल्या की सुमनआत्या आमच्याकडे वळून विचारायची, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवू?" टेलिफोन खात्यात वीसेक वर्षं तिनं लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले होते आणि दर तीन मिनिटांनी मध्येच येऊन हेच विचारलं होतं. पुढे एसटीडी आलं, लोक आपले आपणच नंबर फिरवू लागले आणि आत्याला बिलांच्या टेबलावर बसवलं. बोलण्याची सवय मात्र गेली नाही.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी केबल आली तेव्हा मी शाळेत होतो. नाताळच्या सुट्टीत दुपारी इंग्रजी सिनेमे लागायचे. आई, बाबा, आजी, मी आणि बाबांची ही बिनलग्नाची बहीण, असे सगळे मिळून ते बघायचो. इंग्रजी धड कळायचं फक्त आत्याला. मंडईतून आणलेल्या मटारांचा ढीग मध्ये ओतलेला असायचा आणि सोलता सोलता ती आम्हाला सिनेमा सांगायची, तोही पेठेतल्या मराठीत. बर्फात अडकलेला नवरा फोनवर बायकोशी गहिवरून बोलायला लागला की आत्या म्हणायची, "म्हणतोय, उशीर होईल, जेवून घ्या." बायको रडली की, "म्हणतेय, आम्ही जेवलोच आहोत."

लाल कपड्यांतला तो म्हातारा पहिल्यांदा "हो हो हो" करत आला, तेव्हा आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं, एवढं हो हो करायला त्याला विचारलंय कुणी?"

"पोरं मागतात, हा हो म्हणतो," आत्या म्हणाली. "सरकारी नोकरीत नाहीये ना तो."

बाबा हसून हसून कॉटवर आडवे झाले. त्यानंतर आमच्या घरात सांताक्लॉजचं नाव 'होकारवाला' असंच पडलं.

आजी एकच गोष्ट तीनतीनदा विचारायची. मी वैतागायचो. आत्या तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगायची. मला म्हणायची, "पलीकडच्याला ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगायचं. चिडायचं नाही. पलीकडे माणूस असतं."

आजी गेली, मग काही वर्षांच्या अंतरानं आई-बाबाही गेले. मी खराडीतल्या एका कंपनीत लागलो. नाताळात अमेरिकेतले लोक सुट्टीवर जायचे आणि त्यांचं काम आमच्या गळ्यात पडायचं. "त्यांचा नाताळ आणि तुझी एकादशी," आत्या म्हणायची. तोवर तिला ऐकू येईनासं झालं होतं. कानाचं मशीन आणून दिलं, ते तिनं कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, "नुसती खरखर आहे. असली लाईन मी गिऱ्हाइकाला दिली नसती."

तिच्या शेवटच्या नाताळला मी घरूनच काम करत होतो. ती मटार घेऊन शेजारी येऊन बसली, टीव्ही लावला. हरवलेल्या बापाला शोधत निघालेल्या एका मुलीचा सिनेमा होता.

"काय म्हणाली रे?"

पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा अर्धवट सांगितलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "आत्या, खाली लिहून येतंय ना, वाच की!"

"अक्षरं पळतात रे."

"मग नंतर सांगतो. मीटिंग आहे."

ती पुन्हा मटार सोलायला लागली. पडद्यावर ती मुलगी अखेर बापाच्या दारात उभी राहिली आणि काहीतरी बोलली. बाप रडायला लागला. आत्यानं माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. "एवढंच सांग. काय म्हणाली?" मी लॅपटॉपवरची नजर न काढता तिच्यापुढे पंजा धरला. थांब. त्या हाताची मला आजही लाज वाटते. मीटिंग संपली तेव्हा ती मटार घेऊन स्वयंपाकघरात गेली होती. संध्याकाळी उसळ खाल्ली, छान झालीय म्हणालो, आणि पुन्हा कामाला बसलो.

फेब्रुवारीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेली.

तो सिनेमा मी नंतर शोधून काढला आणि एकट्यानं बघितला. मुलीचं वाक्य अगदी साधं होतं. ती म्हणते, "बाबा, इतका वेळ होतास कुठे?"

मी तर शेजारीच बसलो होतो.