मॉनिटरच्या काचा आणि मेथीचा वाफा

आमच्या गावात देवळाबाहेर निघत नसतील तेवढ्या चपला माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर निघायच्या. शिक्षक म्हणून काय केलंत असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि छाती थोडी पुढे काढून सांगतो.

मिरजगावपासून आत गेलं की आमचं गाव. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, आणि त्या शाळेला कुठल्याशा कंपनीने वापरून झालेले अकरा कॉम्प्युटर दिले होते. ते आले त्याच दिवशी मी दारावर खडूने लिहिलं, ‘चपला बाहेर काढाव्यात.’ पुढे तेच ऑइलपेंटने लिहिलं. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं मला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि त्या प्रशिक्षणातलं मला तेवढंच कळलं होतं. नियम इतका कडक, की तपासणीला आलेल्या साहेबांनाही मी बूट काढायला लावले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या वर्षी शाळेला शेरा काही चांगला मिळाला नाही.

खंडेनवमीला शेतकरी औतांची पूजा करतो, गवंडी थापीची करतो, मी कॉम्प्युटरची करायचो. प्रत्येकावर झेंडूची माळ, हळदकुंकवाचं बोट. एका वर्षी नारळाचं पाणी शिंपडताना हात जरा सैल सुटला आणि एक कॉम्प्युटर जागच्या जागी गेला. देवाला नैवेद्य दाखवावा आणि देवच आटोपावा, असं माझ्या हातून घडलं. बाकीचे मात्र विजेच्या खेळामुळे गेले, ते माझ्या नावावर नाहीत. गेलेल्यांनाही मी कापडी झाकणं घालून जागेवरच ठेवलं आणि त्यांचीही पूजा चालू ठेवली. मी निवृत्त झालो तेव्हा अकरापैकी दोन जिवंत होते आणि तेही मनाला येईल तेव्हा.

निवृत्त झालो तरी मी रोज शाळेत जातो. घरून तसा आग्रहच असतो. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की बायको म्हणते, “आज शाळेत काही काम नाही का?”

शाळेत काम म्हणजे परसबाग. मैदानाच्या कडेला मेथी, वांगी, टोमॅटो, शेवग्याचं एक झाड. तिथली भाजी मुलांच्या खिचडीत जाते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी गावातल्याच, माझ्याच वयाच्या, त्यामुळे माझ्या वर्गात कधी सापडल्या नाहीत. त्यांचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवर होतं, शेळ्या. परसबागेची भिंत कमरेएवढी, शेळ्या तिच्यावर टुणकन चढायच्या आणि मेथीचा वाफा साफ करून जायच्या.

“गुरुजी, खिचडी पोरांना घालायची का शेळ्यांना, ते एकदा ठरवा,” मावशी म्हणायच्या.

मी ठरवलं. भिंतीवर काचा रोवायच्या, आपल्याकडे सगळेच रोवतात. पण बाटलीची काच पातळ. माझ्या डोक्यात आलं, की आपल्या खोलीत एवढे मॉनिटर मरून पडलेत, जुन्या पद्धतीचे, मागे मडक्यासारखी ढेरी असलेले. त्यांची काच चांगली जाड. मी चार मॉनिटर बाहेर काढले, पोत्यात घातले आणि वरून हातोडी घातली. बार काढल्यासारखा आवाज झाला. आतून पांढरी पूड उडाली ती मी फुंकरीने उडवली, उरलेली वाफ्यात झटकली. सिमेंटमध्ये काचा उभ्या रोवल्या. उन्हात भिंत अशी चमकायची की येणारा जाणारा थांबायचा. मी प्रत्येकाला सांगायचो, टाकाऊतून टिकाऊ. मुख्याध्यापकांनी फोटो काढून तालुक्याला पाठवला.

शेळ्या थांबल्या. मेथी अशी फोफावली की बघत राहावं. एक पावसाळा त्या भिंतीवरून वाहून त्या वाफ्यात मुरला.

त्यानंतर कधीतरी नगरला एक शिबिर होतं, कॉम्प्युटर-मोबाईलच्या कचऱ्यावर. शाळेतून कोणीतरी जायलाच हवं होतं आणि कामाचा माणूस कोणाला सोडवेना, म्हणून मला पाठवलं. मी पहिल्या रांगेत बसलो. तिथल्या बाई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. वायरी जाळल्या की धुरात काय जातं, सर्किटच्या पट्टीत काय असतं. मग पडद्यावर आला तो ढेरीवाला मॉनिटर. मला गाववाला भेटल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, याच्या मागच्या काचेत शिसं असतं. अख्खी असेपर्यंत ते काचेत बंद राहतं. फोडली, चुरा झाला, वर्षानुवर्षं पाऊस लागला की ते मातीत उतरायला लागतं. आतली पूडही अंगावर घेण्यासारखी नसते. लहान मुलांच्या पोटात शिसं थोडं गेलं तरी वाईट, त्यांच्या मेंदूवर परिणाम होतो.

जेवणात पुरी-भाजी होती. भाजी मेथी-बटाट्याची होती. मी नुसती पुरी खाल्ली.

येताना एसटीत मी स्वतःला बऱ्याच गोष्टी समजावल्या. एकच पावसाळा झालाय. बाईंनी ‘वर्षानुवर्षं’ म्हटलं होतं. पण मुलांचंही म्हटलं होतं. मिरजगावला उतरेपर्यंत माझा निर्णय झाला होता आणि तो माझ्या स्वभावाला साजेसाच होता. कोणाला काही सांगायचं नाही. रविवारी शाळा बंद असते, गुपचूप काचा काढायच्या, मेथी उपटायची, विषय संपला. ज्या भिंतीचा फोटो तालुक्याला गेला ती विषाची होती, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

रविवारी भर दुपारी छिन्नी, हातोडी आणि गोणी घेऊन गेलो. नाकाला रुमाल बांधला. तीन काचा निघाल्या असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

“गुरुजी, भिंत चोरताय का?”

मावशी शेवग्याच्या शेंगा काढायला आल्या होत्या.

“नाही हो. काचा जुन्या झाल्या, बदलतोय.”

“काच बी कवा जुनी हुती व्हय?” त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं. “आन नाकाला काय बांधलंय? वास येतोय का तिला?”

“धुळीची अॅलर्जी आहे मला.”

“कवापासनं?”

“आजपासून,” मी म्हणालो, आणि हत्यारं गोळा करून घरी आलो. मेथी तशीच उभी राहिली. सोमवारी मी शाळेत गेलो नाही. मंगळवारीही नाही. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती, शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली. विषय होता कॉम्प्युटरची खोली रिकामी करण्याचा, कारण नवे कॉम्प्युटर येणार होते. सरपंच म्हणाले, जुनं सगळं आपल्याच गावातल्या भंगारवाल्याला देऊन टाकू. भंगारवाला माझाच विद्यार्थी. आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात त्याच्या. तो ओढ्याकाठी वायरी जाळतो आणि तांबं काढतो, हे गावाला माहीत होतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला गावाची विहीर आहे, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र कोणी लावल्या नव्हत्या.

मी उठलो. शिबिरात ऐकलेलं सगळं सांगितलं. हा माल साध्या भंगारात जाता कामा नये. नगरला परवानगी असलेले लोक तो नीट उघडतात, त्यांच्याकडेच गेला पाहिजे.

“गुरुजी,” भंगारवाला म्हणाला, “बंद पडलेला कॉम्प्युटर उघडायला मला तुमीच बोलवायचा. तवा न्हाई म्हनला विष हाय ते.”

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, “आमी कपाशीवर काय फवारतो ते बघा आधी. त्यापुढं हे टीव्हीचं डबडं काय करनार?”

“फवारलेलं आपण मुलांना खायला घालतो का?” मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं होतं. नको तेवढं चांगलं जमलं होतं, कारण सरपंचांनी तेच धरलं.

“एवढं विष हाय म्हनता, मग तुमी त्याच काचा मेथीवर कशाला रोवल्या?”

समोर आईबाप बसले होते. त्यातल्या निम्म्यांना मी शिकवलं होतं आणि सगळ्यांची मुलं ती खिचडी खात होती. खोटं बोलायला माझ्याकडे चार-पाच वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो. “आठवड्यापूर्वी कळलं. कळल्यावरही सांगितलं नाही. चोरून काढायला गेलो, तेही जमलं नाही. पूड मी माझ्या हाताने वाफ्यात झटकली होती. आठ दिवस मुलांनी ती मेथी खाल्ली असेल तर माझ्या लाजेपायी खाल्ली.”

एक बाई उभी राहिली, तिची मुलगी दुसरीत आहे. तिने पदर कमरेला खोचला. मी खाली मान घालून ती काय म्हणते याची वाट पाहत होतो.

“न्हाई खाल्ली,” मावशी म्हणाल्या.

त्या स्वयंपाकाच्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या, तिथूनच बोलल्या. “रविवारी ह्यांचं तोंड बघितलं. जन्मात नाकाला रुमाल न लावलेला मानूस. मी म्हनलं, ह्या भिंतीत कायतरी हाय. सोमवारपासनं माझ्या रानातली मेथी घालते खिचडीत. ह्या वाफ्यातली एक काडी तोडली न्हाई.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “गुरुजी, तुमाला खोटं बोलता येत न्हाई ते बरंय. यिऊ नका देऊ.”

चाळीस वर्षं मी गावाला शिकवलं असा माझा समज होता. त्या पायरीवर बसलेल्या बाईने कोणत्याही शिबिराला न जाता, कोणाला न विचारता, मुलांच्या ताटातून ती भाजी बाजूला काढली होती. असं माणूस आमच्या शाळेत आहे, याचा मला जो अभिमान वाटला तो त्या चमकत्या भिंतीचा कधी वाटला नव्हता. आधीच्या दिवसांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. तो मावशींनी नव्हे, त्या दुसरीतल्या मुलीच्या आईने विचारला. मुलांची तपासणी आणि मातीचा नमुना, दोन्ही तिथेच ठरलं. पुढे डॉक्टरांनी मुलं ठीक असल्याचं सांगितलं. मातीत मात्र भिंतीलगतच्या पट्ट्यात शिसं निघालं. तो निरोप मला सांगायला ती स्वतः घरी आली, आणि चहा घेऊन गेली.

माल नगरला पाठवायचं ठरलं तेव्हा टेम्पो कोणाचा, हा प्रश्न आला. भंगारवाला बराच वेळ मिशी चोळत होता. “माझा नेतो,” तो म्हणाला. “पन तितं मला बी बघायचंय ते कसं खोलतात. न जाळता.” त्या वाक्याचा अभिमान मी अजून कोणाकोणाला सांगतो. तो स्वतः म्हणतो, गुरुजी, पुरे करा.

ज्या दिवशी टेम्पो भरायचा होता, त्या दिवशी सगळे जमले. काचा गोणीत, वाफ्यातली वीतभर माती वेगळ्या गोणीत. ती माती घ्यायची की नाही यावर नगरच्या माणसाने नंतर बराच वेळ डोकं खाजवलं. भिंतीवर आता बाभळीच्या काट्या आहेत. शेळ्यांना त्या काचेइतक्या पटलेल्या नाहीत.

आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीपाशी आलो. सरपंच, भंगारवाला, दोन-तीन बाप, मी. दारात आलो आणि कोणी न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या. सवयच ती, मीच लावलेली. आत एक मॉनिटर फुटून पडलेला होता, जमिनीवर काचा.

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“कुठं निघाले अनवानी? चपला घाला. हाताला फडकी बांधा. मग आत.”

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारावरच्या ऑइलपेंटच्या अक्षरांकडे पाहिलं. मग वाकून चपला पायात सरकवल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चपला घालून आत गेलो.